नाचणारीला बंदी, नाचविणाऱ्याला परवाना

मुंबईच्या एका उपनगरातील बौद्ध वस्तीत विहाराच्या छपराचे पत्रे बदलावयाचे होते. वर्गणीची वही घेऊन समितीचे लोक घरोघर फिरत होते. त्यांनी एक घर वगळले. त्या घरातील भगिनी पूर्वी एका बारमध्ये नाचत असे. ते काम सुटून तिला पुष्कळ वर्षे झाली. आज ती साड्यांना फॉल लावून पोट भरते आणि मुलीसह तिने धम्मदीक्षाही घेतली आहे. वर्गणी मागावयास कोणी आले नाही म्हणून ती आपणहून पाचशे रुपये घेऊन विहारात आली. समितीच्या एका वडीलधाऱ्या सभासदाने त्या नोटांना हातही लावला नाही. ‘बाबासाहेबांनी तमाशाचा पैसा चळवळीसाठी घेतला नाही, बारचा पैसा आम्ही विहारासाठी कसा घ्यावा?’ असे त्यांचे शब्द होते. ती काही बोलली नाही. नोटा मुठीत धरून परत गेली. प्रस्तुत लेखक त्या वेळी तेथे हजर होता आणि तोही काही बोलला नाही. त्या दिवशी जे बोलावयास हवे होते, ते आज लिहावे लागत आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, आम्ही बारचे कैवारी नाही. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. दारू पिणार नाही ही बावीस प्रतिज्ञांपैकी एक आहे. दारूच्या पेल्यापुढे बाईला नाचवावे, तिच्या अंगावर नोटा उधळाव्यात आणि त्याला शहराचे वैभव म्हणावे, या विचारसरणीच्या पंगतीला आम्हास बसावयाचे नाही. प्रश्न निराळा आहे. या धंद्यातील दोष कोणाच्या माथी मारला जातो आणि दंड कोणाला भरावा लागतो, हा तो प्रश्न होय.

सभासद महाशयांनी बाबासाहेबांचा दाखला दिला, तेव्हा तो तपासून पाहणे प्राप्त आहे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीस देणगी देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, ही हकीकत आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ती आहे तशी धरून चालू. बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण. ज्या पवळेच्या रूपाने आणि गळ्याने त्यांच्या फडाला कीर्ती मिळाली, ती हिवरगावची महाराची लेक. पैसा देऊ करणारा हात फडाच्या मालकाचा होता. तो पैसा जिच्या पायांतून निघाला ती पवळा होती. आमच्या मुलींना नाचवून मिळविलेला पैसा आमच्या उद्धारासाठी नको, असे नाचविणाऱ्याला सांगणे ही एक गोष्ट झाली. नाचण्यातून सुटलेल्या बाईने शिवणकामाची कमाई विहारात आणली असता तिला दारातून परत पाठविणे ही अगदी दुसरी गोष्ट झाली. पहिलीत स्वाभिमान आहे. दुसरीत तो कोठे आहे, हे त्या सभासदांनी आम्हास दाखवून द्यावे.

दुसरा दाखला १९३६ सालचा. त्या वर्षीच्या मे अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतराचा निर्धार झाला आणि पुढे जेमतेम पंधरवड्यात, १६ जून रोजी, परळच्या दामोदर सभागृहात देवदासी, जोगतिणी, पोतराज आणि कामाठीपुऱ्यातील भगिनी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले. शब्द कठोर होते. हा लाजिरवाणा धंदा सोडा, इतर स्त्रियांप्रमाणे घरसंसार करा, तसे करणार नसाल तर आमच्याबरोबर येऊ नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आज पुष्कळांना त्या भाषणातील कठोरपणा तेवढा आठवतो. परंतु ती सभा कोणती होती, हे ते विसरतात. धर्मांतराच्या विचारासाठी भरलेली ती सभा होती आणि ज्या बायांचे तोंड पाहावयास सभ्य समाज तयार नव्हता, त्या बाया तेथे समाजाच्या घटक म्हणून बसल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्याविरुद्ध पोलीस कमिशनरला अर्ज लिहिला नाही. त्यांना समोर बसवून, आपल्या माणसाला बोलावे तसे ते बोलले. रागावण्याचा अधिकार त्यालाच असतो, जो दार उघडे ठेवतो. त्या दिवशी दामोदर सभागृहाचे दार उघडे होते. आमच्या विहाराचे नव्हते.

याहून जुना दाखला हवा असेल तर तो वैशालीचा आहे. आम्रपाली ही त्या नगरीची गणिका. भगवान बुद्ध तिच्या आम्रवनात उतरले असता तिने त्यांना संघासह भोजनाचे निमंत्रण दिले व त्यांनी ते स्वीकारले. परतताना वाटेत लिच्छवी राजपुत्रांचे रथ आले, तर तिने आपला रथ बाजूला घेतला नाही. चाकाला चाक भिडविले. लाख घे, पण हे भोजन आम्हाला दे, असे ते म्हणाले. तिने नकार दिला. मग ते भगवंतांकडे गेले. भगवंतांनी उत्तर दिले की, उद्याचे भोजन आम्रपालीकडे घेण्याचे आपण कबूल केले आहे. राजपुत्र हात चोळीत राहिले. भोजनानंतर आम्रपालीने ते आम्रवन संघाला दान दिले आणि ते दान घेतले गेले. पुढे ती भिक्षुणी झाली. ही कथा आपण लहान मुलांना सांगतो, पाठांतर करवितो आणि पाचशे रुपयांची वेळ आली की विसरतो.

आता कायद्याकडे वळू. कारण आमच्या समितीने त्या दिवशी जो न्याय दिला, तोच महाराष्ट्र शासनाने २००५ साली मोठ्या प्रमाणावर दिला होता.

मुंबईत आणि आसपासच्या महामार्गांवर नृत्याचे बार १९८० नंतरच्या काळात फोफावले. त्यांना परवाने कोणी दिले? शासनाने. त्यांतल्या दारूवरचा कर कोणी घेतला? शासनाने. (आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे आणि त्याच कायद्याखाली पिण्याचे परवाने मिळतात. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. बंदीच्याच कायद्याखाली परवाने वाटण्याची ही करामत आपल्या राज्यकर्त्यांनाच जमू जाणे.) मग २००५ साली त्याच शासनाला एकाएकी स्त्रीच्या प्रतिष्ठेची आठवण झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली, जुलैमध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली, दोन्ही सभागृहांत ती एकमताने संमत झाली आणि १५ ऑगस्टच्या तोंडावर ती अमलात आली. देशाच्या स्वातंत्र्यदिनी हजारो बायांच्या घरची चूल विझली. संघटनांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची संख्या सुमारे ७५ हजार होती. या संख्येबद्दल वाद घालणाऱ्यांनी घालावा. ती निम्मी धरली तरी एका तालुक्याच्या गावाहून मोठी होते.

या कायद्यातील दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. पहिल्या कलमाने खाद्यगृहांत, परमिट रूममध्ये आणि बिअर बारमध्ये नाच करण्यास मनाई केली. लगेच पुढच्या कलमाने तीन तारे आणि त्यावरील हॉटेलांना, तसेच सभासदांपुरत्या चालणाऱ्या क्लबांना व जिमखान्यांना त्या मनाईतून वगळले. म्हणजे काय झाले? रिक्षावाला, दुकानदार, दलाल यांच्यापुढे बाई नाचली तर स्त्रीजातीची अप्रतिष्ठा झाली. कारखानदारापुढे गालिच्यावर नाचली तर ती पर्यटनाची वृद्धी झाली! कृत्य एक, पण पाहणाऱ्याच्या खिशाप्रमाणे ते पाप किंवा संस्कृती ठरते. एकाच अपराधाला वर्णावर्णानुसार निरनिराळा दंड सांगणारी स्मृती आपल्या पूर्वजांच्या पाठीवर लिहिली गेली होती. ती १९२७ साली महाडला जाळली गेली, तरी तिची रीत विधिमंडळाच्या कामकाजात जिवंत राहिली, आणि तिला हात वर करून संमती देणाऱ्यांत आपले म्हणविणारे प्रतिनिधीही होते, ही गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. समतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा असे दोन्ही मूलभूत हक्क या कायद्याने मोडले, असा तो निर्णय आहे. त्यावर शासनाने काय करावे? २०१४ साली त्याने तारांकित हॉटेलांची सूट काढून बंदी सर्वांना लागू केली. पक्षपाताचा दोष आला, तर पक्षपात काढून टाका व अन्याय तेवढा राहू द्या, असा हा हिशेब. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीस स्थगिती दिली; २०१६ मध्ये नवा कायदा आला; १७ जानेवारी २०१९ रोजी त्यातील कॅमेऱ्यांची अट, देवळा-शाळांपासून एक किलोमीटर अंतराची अट वगैरे अटी न्यायालयाने काढून टाकल्या. नोटा उधळण्याची मनाई मात्र राहिली, आणि ती राहिली हे योग्यच झाले. काम करणाऱ्या बाईशी लेखी करार करावा ही अटही राहिली. तिच्याकडे आम्ही पुढे येऊ.

येथे एक प्रतिपक्ष आहे आणि त्याचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. बंदीच्या काळात काही दलित स्त्री-कार्यकर्त्यांनी बंदीला पाठिंबा दिला. त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. बारमध्ये नाचावयास कोणाच्या मुली येत होत्या? नट, बेडिया, कंजर, कोल्हाटी. ज्या जातींना हिंदू समाजव्यवस्थेने नाचगाणे हाच जातिधर्म नेमून दिला, ज्यांची मुलगी वयात आली की तिच्या पायांत घुंगरू बांधणे हा कुटुंबाचा चरितार्थ झाला, त्यांच्याच मुली मोठ्या संख्येने येत होत्या. बंदीविरुद्ध बोलणारी इंग्रजी शिकलेली मंडळी याला ‘कला’ म्हणत, ‘स्वेच्छा’ म्हणत. आमचा त्यांना सवाल आहे की, ही स्वेच्छा नटाच्या आणि बेडियाच्या घरीच पिढ्यान् पिढ्या का उपजते? तुमच्या सोसायटीत ती का उगवत नाही? मेलेले ढोर ओढणे हीदेखील एके काळी आमची ‘स्वेच्छा’च होती आणि ते ओढण्याचे आम्ही नाकारले तेव्हा गावाने आमच्यावर बहिष्कार घातला. जातीने लादलेल्या कामाला कलेचा मुलामा देणाऱ्यांशी आमचे जमणे नाही.

परंतु येथूनच पुढे आमची आणि बंदीवाल्यांची वाट वेगळी होते. ढोर ओढण्याचे आम्ही सोडले, ते आम्ही सोडले. कोणी फौजदाराने दंडुका मारून ते सोडविले नाही. आणि सोडल्यावर गिरणी, गोदी, रेल्वे, पलटण, शाळा यांची दारे ठोठावण्याची हिंमत व जागा आम्हास चळवळीने दिली. बारमधील बाईला २००५ साली काय दिले? शासनाने तिला दुसरे काम दिले नाही. परराज्यातून आलेल्या नट किंवा बेडिया बाईची जात तिच्या राज्यात अनुसूचित असली, तरी महाराष्ट्रात ती सवलत तिला मिळत नाही. म्हणजे मुलीच्या शाळेपुरताही तो आधार नाही. हाताला काम नाही, हातात दाखला नाही, आणि तोंडावर ‘नाचणारी’ हा शिक्का. अनेक बायांना याहून वाईट धंद्याकडे वळावे लागले, ही गोष्ट २०१३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केली आहे. ज्या प्रतिष्ठेचे रक्षण करावयाचे होते ती अशी रक्षिली गेली! बार तर बंद पडलेच नाहीत. ‘ऑर्केस्ट्रा बार’ असे नवे पाटीनाव घेऊन त्यांतील पुष्कळ चालू राहिले. पोलिसांचा छापा पडला म्हणजे आरशामागच्या चोरकप्प्यांतून, गुदमरलेल्या अवस्थेत, बाया बाहेर काढल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वारंवार आल्या आहेत. भिंतीत चोरकप्पा बांधणारा गवंडी बोलाविला कोणी? ज्याच्या नावावर परवाना आहे त्याने. छायाचित्र मात्र तोंडाला ओढणी लावलेल्या बाईचे छापले जाते.

तमाशाच्या बाबतीत हेच घडून गेले आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली, मग सुधारणेसाठी समिती नेमली आणि ‘सुधारलेला’ तमाशा लोकनाट्य या नावाने शहरातील नाट्यगृहांत मानाने दाखल झाला. त्या मानाचे धनी कोण झाले, आणि जत्रेतील राहुटीत पिढ्यान् पिढ्या ढोलकी बडविणारे महार-मांग कलावंत कोठे राहिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. जुन्या फडकऱ्यांना बंदीने सभ्य केले नाही. त्यांच्या हातचे काढून सभ्यांच्या हाती दिले.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असेही नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या लोकांची मोठी वस्ती उभी राहिली. पुढे १९२० च्या दशकात तेथे ‘कॉटन क्लब’ नावाचा प्रसिद्ध क्लब निघाला. रंगमंचावर सारे काळे. ड्यूक एलिंग्टनसारख्या थोर संगीतकाराचा वाद्यवृंद १९२७ पासून तेथे वाजत असे. आणि खुर्च्यांवर केवळ गोरे! आपल्या वस्तीतील क्लबात आपल्याच माणसाचे गाणे ऐकावयास काळ्या माणसाला मज्जाव. त्याच शहरात १९४० पासून १९६७ पर्यंत दारू विकणाऱ्या क्लबात गाण्या-वाजविण्यासाठी कलावंताला पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावे लागे. बिली हॉलिडे या विख्यात गायिकेला १९४७ साली अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि तिला ते पत्र मिळेनासे झाले. गंमत अशी की, १९४८ साली कार्नेगी हॉलसारख्या भव्य सभागृहात ती गाऊ शकली. कोपऱ्यावरच्या लहान क्लबात मात्र गाऊ शकेना, आणि रोजची भाकर तर तेथेच होती. क्लबाचा मालक दारू विकत राहिला, पोलीस शिक्के मारीत राहिले, उपाशी राहावयाचे ते गाणाऱ्याने.

आपल्या मुंबईत परत येऊ. ज्या परळमध्ये १९३६ सालची ती सभा भरली, तेथून जवळच लोअर परळच्या गिरण्या होत्या. त्या गिरण्यांच्या विणकामखात्यात आमच्या आजोबांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओलवावा लागतो, अस्पृश्याच्या थुंकीने तो विटाळेल, असे स्पृश्य कामगारांचे म्हणणे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. आज त्या गिरण्यांच्या आवारात काचेच्या भिंतींचे बार, क्लब आणि थेट संगीताचे मंच उभे आहेत. त्यांपैकी कमला मिलच्या आवारातील छतावरच्या दोन उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ माणसे प्राणास मुकली. अग्निसुरक्षेचे नियम होते. ते कोणी पाळले नव्हते. लहान बारमध्ये साडीचा पदर किती ढळला हे मोजण्यात ज्या यंत्रणेची वर्षे गेली, तिला बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे पाहावयास सवड झाली नाही. विणकामखात्याच्या जागी क्लब आला, तरी दाराशी उभे राहून कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविणारा माणूस अजून आहेच. आणि उष्टी भांडी घासणाऱ्यांची व संडास धुणाऱ्यांची नावे कोणीही जाऊन विचारावीत.

आता आपल्या घरचे. बारच्या खुर्च्या आपोआप भरत नाहीत. त्यांवर आमचीही मुले बसतात, पगाराच्या दिवशी बसतात, आणि घरी येऊन पंचशीलाची तसबीर लावलेल्या भिंतीला टेकून झोपतात. भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत मद्याचा व्यापार आहे. नाचण्याने पोट भरणाऱ्या अनाथ बाईचे नाव त्या यादीत नाही. आणि ज्या समितीने पाचशे रुपये परत केले, तिच्याच १४ एप्रिलच्या कमानीवर त्या वर्षी जवळच्या परमिट रूमच्या मालकाचे नाव व हात जोडलेले छायाचित्र होते. त्याची देणगी पाच आकडी होती. ती घेताना तमाशाच्या पैशाची हकीकत कोणास आठवली नाही. बाबासाहेबांनी नाकारला तो मालकाचा पैसा. आम्ही नाकारला तो बाईचा. इतके उलटे वाचन कोणी जाणूनबुजूनही करू शकणार नाही.

काय करता येईल, हे विचारणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. २०१९ च्या निर्णयानंतर अशा ठिकाणी काम करणाऱ्या बाईला लेखी करार मागता येतो; तो बहुधा दिला जात नाही आणि मागावयास ती एकटी धजत नाही. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाची पायरी चढताना तिच्याबरोबर वस्तीतील दोन माणसे असली तर कारकुनाची भाषा बदलते, हा आमचा अनुभव आहे. आणि ज्यांना हा धंदा सोडावयाचा आहे त्यांच्यासाठी शिवणयंत्र, खोलीचे भाडे, मुलीची फी यांची तजवीज महिला मंडळांना करता येण्यासारखी आहे. जयंतीच्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवर होणाऱ्या खर्चात अशी किती यंत्रे बसतात, याचा हिशेब प्रत्येक समितीने आपल्या वहीतून काढावा.

विहाराचे पत्रे बसले. पहिल्या पावसात गळले नाहीत. ती भगिनी अजून त्याच गल्लीत राहते, तिची मुलगी नववीत आहे, आणि वंदनेच्या वेळी दोघी बाहेरच्या ओट्यावर बसतात. समितीतील तिघांशी आमचे बोलणे झाले आहे. चौथे, ते वडीलधारे सभासद, अद्याप तयार नाहीत. येत्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. पावतीपुस्तक बरोबर घेण्याचे ठरले आहे.